कशावर सापडला

११ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र कामाचं आहे. घरगुती काही नाही यात, तेव्हा पाकिटावरचं अक्षर ओळखून ते कपाटावर फेकून देऊ नकोस. मला तुझ्याकडून तीन गोष्टी हव्या आहेत: कुठे सापडला, कशावर सापडला आणि कोणी पकडला. एवढं कळवलंस की तूही मोकळा आणि मीही.

पत्ता वहिनीने दिला. तिला बोल लावू नकोस, मीच तिच्या मागे लागले होते. तू आता छपरं घालतोस म्हणाली. जन्मभर जमिनीच्या पोटात शिरणारा माणूस छपरावर चढला हे ऐकून मला हसू आलं.

तर काम. संग्रहालयातला आमचा विभाग नव्या इमारतीत हलतोय. साहेबांनी फर्मान काढलंय की प्रत्येक बाटली तपासायची आणि लेबल नसेल ती टाकून द्यायची. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात एक बाटली आहे. नऊ वर्षांपूर्वी तू आणि सुतळी गुहेत उतरलात, तू एकटा वर आलास, आणि नंतर कधीतरी त्याची पिशवी माझ्या दारात ठेवून बेल न वाजवता निघून गेलास. त्या पिशवीतली ही बाटली. हेल्मेट, टॉर्च आणि दोरी मी माळ्यावर टाकली. बाटलीतलं स्पिरिट उडून जाईल म्हणून ती ऑफिसात आणली. दर वर्षी झाकण उघडून स्पिरिट भरायचे आणि आत न बघता पुन्हा लावायचे. नवऱ्याच्या पिशवीतून आलेल्या बाटलीत काय आहे हे किड्यांच्या बाईने इतकी वर्षं पाहिलं नाही, यावर हसायचं तर हस.

परवा पाहिलं. सहस्रपाद आहेत. लहानपणी आपण काडी लावली की वेटोळं करून बसायचे ना, त्यांचेच भाऊबंद. पण हे दुधाच्या दातासारखे पांढरे, आणि यांना डोळेच नाहीत. पिढ्यान् पिढ्या काळोखात राहिलेले. त्यात एक वयात आलेला नर आहे, आणि आमच्या धंद्यात नर मिळाला की सगळं मिळालं. त्याच्या अंगाच्या सातव्या कड्यावरचे पाय हे पाय राहिलेले नसतात, मादीला धरायचं अवजार झालेले असतात. प्रत्येक जातीचं अवजार वेगळं, कुलपाच्या किल्लीसारखं. मी ते छापून आलेल्या सगळ्या चित्रांशी ताडून पाहिलं. कशाशीच जुळत नाही. दादा, ही नवी जात आहे. जगात कोणी हिचं वर्णन केलेलं नाही.

पण बाटलीत लेबल नाही. त्या फेरीत तुम्ही दोन गुहांत गेला होता, वरच्या कोरड्या आणि खालच्या पाण्याच्या. यातली कुठली? आता जाऊन बघायची सोय नाही. वरची खाणवाल्यांनी फोडली आणि खालचीला त्या प्रकारानंतर लोखंडी दार बसलं. साहेब म्हणतात, "बाई, लेबल नसलेला नमुना म्हणजे नुसता मेलेला किडा. जागा कळली तर छापू, नाहीतर बाटली मोरीत."

विभाग हलेपर्यंत मुदत आहे. उत्तर दे. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझी बहीण

४ मार्च

दादा,

पत्र्यांची मापं लिहिलेल्या कागदाच्या पाठीवर दोन शब्द: "आठवत नाही." एवढ्यासाठी पाकीट चिकटवायची तसदी घेतलीस.

आठवत नाही हे तू मला सांगतोस? शाळेच्या जिन्याची कुठली पायरी सैल होती हे तुला आठवतं. कुठल्या वळणावर डोकं वाकवायचं आणि कुठे पोटावर सरकायचं हे तू उतरण्याआधी धड्यासारखं म्हणून दाखवायचास. सुतळी म्हणायचा, "मेव्हण्याच्या डोक्यात नकाशा आहे, म्हणून दुसरं काही मावत नाही." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे तुझ्याकडे बघूनच कोणीतरी म्हटलं असणार.

मी मात्र गेले काही दिवस विचार करतेय. सुतळी कसा होता हे तुला सांगायला नको. वाळका, दोन हाडांवर कपडे टांगल्यासारखा, आणि गळ्यात दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. "आधी कागद, मग किडा." चिठ्ठीवर जागा लिहून ती बाटलीत टाकल्याशिवाय हा माणूस चिमटा उचलत नसे. एकदा मी बागेतून एक भुंगेरा आणला आणि लेबल नंतर लिहीन म्हटलं, तर जेवण होईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. आमच्याकडे रीतच आहे तशी. आतलं लेबल ज्याने पकडलं त्याच्याच हाताने लिहायचं, पेन्सिलीने, कारण शाई स्पिरिटमध्ये उतरते. दुसऱ्याने लिहिलेलं लेबल म्हणजे ऐकीव गोष्ट.

म्हणजे ही बाटली त्याने भरलेली नाही. मग उरलं कोण? किडा दिसला की बुटाने बाजूला सारणारा तू. तू किडे का पकडलेस? आणि पकडलेस तर इतकी वर्षं मूग गिळून का बसलास?

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी तुला विचारलं होतं, तो शेवटी काय म्हणाला. तू म्हणालास, "काही नाही." तेव्हा तुझा चेहरा होता तसाच या कागदाचा आहे. त्यानंतर मी तुझ्याशी बोलणं टाकलं आणि तू गाव सोडलंस. ते उगाळायला मी बसलेली नाही. मला फक्त बाटलीचं सांग.

तुझी बहीण

२ एप्रिल

दादा,

"खालची गुहा. दगडावर. मी." चला, या वेळी चार शब्द झाले. प्रगती आहे.

चेष्टा सोड. खरंच आभार. साहेब खूश आहेत. मी वर्णन लिहायला घेतलंय. नराचं ते अवजार सुईने सोडवून काचेवर ठेवलं. मायक्रोस्कोपला आरसा जोडून कागदावर त्याची सावली पाडते आणि पेन्सिलीने गिरवते. टोकाला एक आकडा आहे, आत वळलेला, आणि आकड्याच्या मुळाशी बारीक केसांची झालर. इतकी नाजूक की श्वास रोखून रेघ ओढावी लागते. लिहायचं मात्र वाण्याच्या यादीसारखं: अंग पांढरं, डोळे नाहीत, मिशा लांब, पाय लांब. सुंदर हा शब्द चालत नाही. सुतळीने एकदा तो एका वर्णनात घुसडला होता आणि साहेबांनी लाल पेनाने खोडला होता.

तळघर जवळजवळ रिकामं झालंय. मांडण्या गेल्या, मासेवाले गेले, पक्षीवाले गेले. माझं टेबल, दिवा आणि मी उरलोय. पूर्वी मी खोकले की पलीकडून कोणीतरी विचारायचं, औषध घेतलं का म्हणून. आता खोकला भिंतीपर्यंत जातो आणि परत माझ्याकडेच येतो.

घरीही वेगळं काही नाही. कुलूपवाल्याच्या दुकानावरच्या त्याच दोन खोल्या. दुसऱ्या खुर्चीवर चित्रांचा गठ्ठा आहे. चहा ओट्याशी उभ्यानेच पिते, कारण एकटीसाठी बसायचं म्हणजे उगाच सोहळा. गेल्या रविवारी दिवसभरात माझ्या तोंडून एकच वाक्य निघालं, दूधवाल्याला, "उद्या नको." रात्री अंथरुणावर पडल्यावर ते लक्षात आलं, तेव्हा मोठ्याने दुसरं एक वाक्य बोलून पाहिलं. काय बोलले ते सांगत नाही.

हे कामाच्या पत्रात लिहायचं नव्हतं. आता लिहिलंय तर जाऊ दे.

एक शंका. दगडावर म्हणजे ओल्या की कोरड्या? इतकी माती असलेल्या गुहेत बाटलीत मातीचा कणही कसा आला नाही? उगाच विचारतेय. माझ्या धंद्यात उगाच विचारायची सवय लागते.

तुझी बहीण

१९ एप्रिल

दादा,

दगडावर नव्हते ते.

आज नराचे मागचे पाय तपासत होते. नखांत काहीतरी अडकलं होतं. आधी बुरशी वाटली. सुईने सोडवून प्रकाशाखाली धरलं तर लोकर. एका पायात करडा तंतू, पुढच्या पायात विटकरी. मग बाकीचे तपासले. एका मादीच्या पायांतही तेच दोन्ही रंग.

तो करडा स्वेटर मी विणला होता. डाव्या कोपरापर्यंत आले आणि लोकर संपली. दुकानात तो रंग पुन्हा आला नाही, म्हणून पुढची बाही विटकरी केली. तो म्हणायचा, "माझ्या एका हाताला गंज चढलाय." आणि गुहेत जाताना तोच घालायचा. ते दोन रंग एकमेकांत गुंतलेले जगात एकाच ठिकाणी आहेत, त्याच्या डाव्या कोपरावर. स्वेटर मला परत मिळाला नाही आणि मीही कोणाला विचारला नाही.

ते त्याच्या अंगावर होते. हो की नाही, एवढंच लिही.

२८ मे

दादा,

तू लिहिलं नाहीस. वहिनीचा फोन आला होता. म्हणाली, "तुम्ही काय लिहिलंय मला माहीत नाही, ताई, पण ते पत्र त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतं. धुवायला टाकताना काढून घेतात आणि पुन्हा दुसऱ्यात ठेवतात. काम संपलं तरी छपरावरून खाली येत नाहीत. हाका मारून मारून माझा घसा बसला." मी तिला म्हटलं, माझंच चुकलं, मी नको ते विचारलं. पण दादा, मला विचारावंच लागणार आहे. ते न विचारता मला पुढे जगता येत नाही, हे तुला सांगते.

हे किडे काय खातात ते मला माहीत आहे. कुजकं लाकूड, वटवाघळांची घाण, आणि मेलेलं काहीही. दुसऱ्या कोणाला "बाहीवर सापडला" म्हटलं तर काही वाटणार नाही. मी तळघरात बसते आणि माझ्या डोळ्यांसमोर जे येतं ते मी तुला लिहू शकत नाही. मायक्रोस्कोपला डोळा लावते आणि काढून घेते. चित्र अर्धं राहिलंय. साहेबांना सांगितलं, डोळे दुखतायत.

तू पकडलेस तेव्हा तो जिवंत होता का?

नसेल तर तसं सांग. बाटली मी स्वतः मोरीत ओतीन. जात गेली तरी चालेल, आणखी कोणाला तरी कधीतरी सापडेल. पण मला हे एकटीला डोक्यात घेऊन बसवत नाही, दादा. मला फार एकटं वाटतं. तो गेला तेव्हा त्याच्याबद्दल बोलायला जगात एकच माणूस होता, आणि त्याच्याशी मी बोलत नव्हते.

१५ जून

दादा,

काल फोनवर तू बोलत होतास आणि मी नुसती "हं, हं" करत राहिले. तू रडायला लागलास तेव्हाही तेच. फोनवर मला बोलता येत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून लिहिते. तू सांगितलंस ते आधी माझ्या शब्दांत लिहिते. चुकलं तर दुरुस्त कर. आपल्या दोघांत आता एकच गोष्ट असू दे.

डोंगरापलीकडे पाऊस झाला होता आणि तुम्हाला आत कळलं नाही. दगड सरकला, त्याचा पाय अडकला. तू पहार लावून पाहिलीस, दोरी लावून पाहिलीस, दगड हलला नाही. पाणी चढत होतं. वर जाऊन माणसं आणेपर्यंत उशीर होणार हे दोघांनाही कळत होतं, आणि दोघंही तसं बोलला नाहीत. उजव्या हाताने त्याने दोरी धरली होती आणि डावा हात कपारीवर टेकवला होता. तेवढी एक जागा पाण्याच्या वर होती. तेव्हा ते आले. पाण्यापुढे पळत भेगांतून निघाले आणि त्याच्या बाहीवर चढले.

तू म्हणालास, त्याला ते आधी दिसले. "अरे, हे बघ. पांढरे आहेत. डोळे नाहीत यांना."

तू म्हणालास, "गप्प बस आणि पाय ओढ."

"पाय निघत नाही, ते झालं आता. खिशात बाटली आहे, काढ. माझे हात मोकळे असते तर तुला सांगितलं असतं का? पकड. भुंगीला दे."

मग तू बोटांनी ते पकडलेस. चिमटा वाहून गेला होता. ते नखांनी लोकर धरून बसायचे, सुटत नव्हते, आणि तो तुला ओरडत होता, "हळू, पाय तुटतील. नर आहे का बघ. सातवं कडं बघ." आणि तुला सातवं कडं कुठलं ते माहीत नव्हतं, तर तुझ्या अडाणीपणाला तो हसला. त्या पाण्यात हसला. मग तू विचारलंस, "लेबल?" गळ्यात पेन्सिल होती. त्याने विचार केला आणि म्हणाला, "राहू दे. कशावर सापडला याच्यापुढे माझं नाव आलं तर भुंगी बाटलीच फोडेल." त्यानंतर तो जा, जा म्हणत राहिला आणि तू गेला नाहीस. तो उत्तर द्यायचा थांबला तोवर तू त्याचा हात धरून होतास.

"माणूस मरत होता आणि मी किडे वेचत होतो," तू म्हणालास. "हे तुला कुठल्या तोंडाने सांगू?"

दादा, तुला इतकी वर्षं हे लाजेचं वाटलं? तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि तो मलाही हळू, हळू म्हणून ओरडला असता. त्याला समोर काम मिळालं होतं. भीती वाटत असणारच, पण मध्ये काही वेळ त्याने तुला शिकवण्यात आणि तुझी खोड काढण्यात घालवला. तेवढा वेळ तू त्याला दिलास. तुझ्या जागी कोणी शहाणा माणूस असता तर त्याने दिला नसता.

रागावलेली मी आहेच. ते काही एका फोनने जाणार नाही. मी इतकी वर्षं समजत होते की तो माझ्यासाठी एक शब्दही न ठेवता गेला. आणि त्याने माझ्यासाठी ठेवलेलं माझ्याच खणात होतं, आणि मी त्यात दर वर्षी स्पिरिट भरत होते. तू "काही नाही" म्हणालास आणि मी ते खरं मानलं. याबद्दल तुला भेटून दोन थपडा द्यायच्या आहेत.

काल फोननंतर मी तळघरात जाऊन चित्र पूर्ण केलं. झालर छान आली. मग टेबलावर डोकं ठेवून रडले. बऱ्याच दिवसांनी. तिथे कोणी नव्हतं, ते एक बरं झालं.

भुंगी

हे नाव घेणारं आता तुझ्याशिवाय कोणी नाही. आत्ता सही करतानाही आधी 'तुझी बहीण' लिहिणार होते.

१० ऑक्टोबर

दादा,

छापून आलं. सोबत एक प्रत पाठवतेय. वहिनीला चित्रं दाखव, मजकुराचा कंटाळा येईल तिला. सुंदर हा शब्द या वेळीही खोडला गेला. मी मुद्दाम घातला होता, साहेबांचं लाल पेन अजून चालतं का बघायला.

नावावरून जरा वाद झाला. साहेब म्हणाले, "यजमानांचं नाव द्या, बाई. सगळे देतात. आम्हालाही आवडेल." मी नको म्हटलं. सुतळी चिडला असता. एका किड्याला माझं नाव चिकटवून मला कायमचा स्पिरिटमध्ये ठेवलंस का, असं म्हणाला असता. मी दिलेलं नाव पुस्तकी भाषेत आहे, त्याचा अर्थ लोकरीवर राहणारा.

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, गुहेत लोकर कुठून आली?"

म्हटलं, "वर्णनात लिहिलंय, पान दोनवर. सापडला: ओल्या लोकरीवर."

त्यांनी पान दोन काढलं, वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. कधी कधी चांगला असतो हा माणूस. आता जगभरचे किडेवाले गुहेतल्या मेंढ्या शोधत बसतील. सुतळीला हे फार आवडलं असतं. तुला आणि मला माहीत आहे, तेवढं पुरे.

आम्ही नव्या इमारतीत आलो. दुसरा मजला, माझ्या टेबलाला खिडकी आहे. उजेडाची इतकी सवय नाही, सकाळी डोळे मिचकावत बसते. आसपास माणसं आहेत. परवा खोकले तर तीन जणांनी गोळ्या आणून दिल्या. तरी संध्याकाळी घरी गेल्यावर जिना चढताना किल्ली हातात घेते आणि दाराशी थोडी थांबते. का थांबते ते मला माहीत आहे. ते काही बरं झालेलं नाही आणि होईल असं वाटतही नाही.

आता शेवटचं काम. नर कायमचा पोलादी कपाटात जाणार आहे. तो या जातीचा मूळ नमुना. शंभर वर्षांनी कोणाला शंका आली तर तो याच बाटलीशी येऊन ताडून बघेल. आणि बाटलीत लेबल अजून नाही. छापलेल्यात तुझं नाव आहे, पण आतली चिठ्ठी पकडणाऱ्याच्या हातचीच लागते. तुला रीत माहीत आहे.

साहेब म्हणाले, भावाला सांगा, टपालाने पाठवून दिली तरी चालेल. मी म्हटलं, मला चालणार नाही.

जाड कागदाची पट्टी कापून ठेवली आहे. पेन्सिल त्याचीच आहे. ती पिशवीच्या तळाशी होती, दोऱ्यासकट, परवा माळ्यावरून काढली. टोक केलंय. बाटली काही दिवसांसाठी घरी आणायची परवानगी घेतली, साहेबांच्या नाकदुऱ्या काढून. दुसऱ्या खुर्चीवरचा गठ्ठा उचलून खाली ठेवलाय.

घर तेच आहे, कुलूपवाल्याच्या वर. या वेळी बेल वाजव.

भुंगी